खुर्ची पाहायला गेलेली माणसं

दिवाळी अंकात राशिभविष्याइतकाच हमखास सापडणारा एक लेख असतो : 'कलावंताच्या कार्यशाळेत एक सकाळ'. सकाळच का, तर संध्याकाळी कलावंत घरी नसतात, किंवा असले तरी नसल्यासारखे असतात. ह्या लेखाचा साचा पेणच्या गणपतीच्या साच्याइतका पक्का. आधी अरुंद जिना. मग दार उघडणाऱ्या वहिनी. मग पसारा. पसारा नसला तर लेखक हिरमुसतो. नीटनेटका कलावंत त्याला फसवणूक वाटते. मग टेबल, टेबलावरचा थंड झालेला चहा, खिडकीतून येणारं ऊन (हे ऊन नेहमी तिरपंच असतं) आणि शेवटी तो जगप्रसिद्ध प्रश्न : "आपल्याला प्रेरणा कुठून मिळते?"

मी हे लेख गेली तीस वर्षं इमानानं वाचतोय. त्यामुळे कुठला चित्रकार कसल्या सपाता घालतो आणि कुठल्या कवीला तंबाखू कुठली लागते, हे मला परीक्षेत विचारलं तरी सांगता येईल. ते चित्र झालं कसं, एवढं मात्र विचारू नका. ते ह्या लेखांत नसतं.

दोष नुसत्या लेखकांचा नाही. आपल्याला पाहायचंच नसतं. एका चित्रकारांकडे मी एका स्नेह्यांबरोबर गेलो होतो. दोन तास ते गृहस्थ लाकडी चौकटीवर कापड ताणून खिळे ठोकत होते. मग त्यांनी त्यावर पांढरा हात मारला आणि ब्रश धुवायला घेतला. स्नेह्यांनी अदबीनं विचारलं, "आज चित्र नाही काढणार?" ते म्हणाले, "आज नाही. आज अस्तर वाळायचंय." जिना उतरताना स्नेही हळहळले, "काही झालंच नाही की हो!" दोन तास एक माणूस आमच्यासमोर घाम गाळत होता, पण त्यात कला म्हणून काही मोबाईलवर टिपून न्यावं असं त्यांना दिसलं नाही.

धुरंधरांनी आपल्या आत्मवृत्ताला 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' असं नाव दिलं. 1890 ते 1931 अशी जे. जे. स्कूलमधली ती एकेचाळीस वर्षं. आपण त्यातला 'मंदिर' तेवढा उचलला आणि 'एकेचाळीस वर्षे' चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली. मंदिरात शिरलं की माणूस हात जोडतो. प्रश्न विचारत नाही.

गणपतीपुळ्याला गेलेला मराठी माणूस देव, समुद्र आणि मोदक आटोपले की मालगुंडला जातो. तिथं केशवसुतांचं घर आहे, 1994 सालापासून स्मारकही आहे. कवीचं घर जपलं, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे घरं बिल्डरसाठी जपतात. पण तिथं एक गृहस्थ पडवीकडे पाहत कुटुंबाला कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "इथंच सुचलं असणार!" आता केशवसुत ह्या गावी 1866 साली जन्मले हे खरं. पुढं मात्र मास्तरकीची नोकरी त्यांना मुंबई, फैजपूर, धारवाड अशी फिरवत राहिली, आणि 1905 साली ते हुबळीला प्लेगनं गेले. त्यांचा कारखाना कुठला म्हणाल, तर वह्या तपासून उरलेला वेळ आणि नोकरी नेईल त्या गावातली जागा. त्याचं स्मारक बांधायचं कसं? पडवी दाखवता येते. उरलेला वेळ कसा दाखवणार?

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं घ्या. 1912 साली त्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावलं आणि कॅमेऱ्यापुढं ठेवून रोज थोडं थोडं टिपलं. 'अंकुराची वाढ' ती हीच. आमचे स्नेही तिथं गेले असते तर तिसऱ्या मिनिटाला "अजून उगवलं नाही?" म्हणून उठले असते. मग 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यातली तारामती म्हणजे साळुंके, उपाहारगृहातले आचारी. आणि दादरच्या त्या घरात सरस्वतीबाई काय करत होत्या? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून चादरी धरून उभ्या राहत होत्या, आणि विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांना रात्री भोकं पाडत होत्या. ती भोकं नसती तर फिल्म कॅमेऱ्यात पुढं सरकली नसती.

आता कल्पना करा, आपला दिवाळी अंकवाला त्या सकाळी तिथं पोचलाय. त्यानं काय लिहिलं असतं? दादासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या, खिडकीतलं तिरपं ऊन, आणि मग अर्धी ओळ : 'वहिनींनी हसतमुखानं चहा आणून ठेवला.' संपलं! ज्या हातांनी रात्रभर भोकं पाडली, त्या हातांतला फक्त कप दिसला. ह्या लेखनप्रकारावर माझा राग आहे तो ह्या अर्ध्या ओळीसाठी. अशा अर्ध्या ओळीत किती माणसं गडप झाली असतील, देव जाणे.

ह्याउलट मिरजेला जा. तिथल्या सतारमेकर गल्लीत कुणी 'स्टुडिओ' म्हणत नाही, दुकान म्हणतात. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्यांच्या घरांतून आलेली ही विद्या एकोणिसाव्या शतकापासून तिथं चालत आली आहे. भोपळे टांगलेले असतात, लाकडाचा भुसा तुमच्या चहात पडतो, आणि काम थांबत नाही. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तार सुरात आहे हे माझ्यासारख्यालाही कळत होतं, पण त्यांना ती बोलायला हवी होती. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि एकदम खोली भरून गेली. त्या धाग्याला ते 'जीव' म्हणतात. मी सवयीनं तोच प्रश्न विचारला. ते कानस न थांबवता म्हणाले, "प्रेरणेचं नाही माहीत. भोपळा कुठून मिळतो विचारा, सांगतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं."

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मैफलीत निवेदक गवयाचं नाव घेतो, तबलजीचं घेतो, पेटीवाल्याचं घेतो, ध्वनिव्यवस्था आणि पुष्पगुच्छ पुरवणाऱ्यांचंही घेतो. ज्याच्या जवारीवर तासभर सगळी मैफल टेकून बसलेली असते, त्याचं नाव मी तरी आजवर ऐकलेलं नाही. त्याच्या खुर्चीचा फोटो कुणी काढत नाही, कारण तो खाली बसतो.

तेव्हा कलावंतांकडे जरूर जावं. फक्त प्रश्न बदलावेत. हे करायला किती दिवस लागले? किती वेळा फुकट गेलं? ह्यातलं कुठलं काम कुणी केलं? जागेचं भाडं कोण भरतं? आणि चहा आला की आणणाऱ्याला बसवून घ्यावं. निम्मा लेख तिथंच मिळतो.

आणखी एक. तासाभरात उठावं. "आता जेवूनच जा" असं म्हणाले तरी उठावं. आपण गेल्यावर त्यांना राहिलेलं काम करायचं असतं.