बंदूक आणि ओव्हरकोट

गोष्टी लिहिण्याची हौस असलेले तरुण आम्हांस भेटतात तेव्हां त्यांची तक्रार बहुधा एकच असते. भाषा आहे, सवड आहे, उमेदहि आहे. नाहीं तें कथानक. आमच्या आयुष्यांत कांहीं घडतच नाहीं, मग लिहावें तरी कशावर, असें ते विचारतात. ही तक्रार हंसून वाटेला लावण्याचा आमचा विचार नाहीं. कारण एका फार मोठ्या लेखकानेंहि ती केलेली आहे. ७ ऑक्टोबर १८३५ रोजीं निकोलाय गोगोल यानें पुश्किनला पत्र लिहून, विनोदी असो वा नसो, पण अस्सल रशियन असा एखादा विषय देण्याविषयीं अक्षरशः याचना केली होती. पुढील एप्रिलमध्यें ‘इन्स्पेक्टर जनरल’ हें त्याचें नाटक रंगभूमीवर आलें. ‘मृतात्मे’ या कादंबरीची कल्पनाहि पुश्किननेंच आपणांस दिली, असें गोगोलनें स्वतः नमूद करून ठेविलें आहे. तेव्हां कथानक उसनें मागणें ही कांहीं लाजेची गोष्ट नव्हे. उसन्या आणलेल्या वस्तूचें लेखक पुढें करतो काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचा उलगडा गोगोलच्याच ‘ओव्हरकोट’ या १८४२ सालच्या कथेवरून जितका होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

या कथेचा उगम अ‍ॅनेन्कोव्ह या गोगोलच्या स्नेह्यानें आपल्या आठवणींत सांगितला आहे. एका बैठकींत कोणी कचेरींतील एक गंमत सांगितली. एक गरीब कारकून होता. पक्ष्यांच्या शिकारीचा त्याला विलक्षण नाद. पोटाला चिमटा घेऊन आणि कचेरीबाहेर जादा कामें करून त्यानें सुमारें २०० रूबलांची एक नामांकित बंदूक खरेदी केली. पहिल्याच खेपेस लहानशा होडींतून तो फिनलंडच्या आखातांत निघाला. बंदूक पुढें नाळेवर ठेविलेली. आणि स्वारी स्वतःच्या आनंदांत इतकी गुंग, कीं दाट लव्हाळ्यांत अडकून ती केव्हां पाण्यांत ओढली गेली हें त्याला कळलेंहि नाहीं. पुष्कळ शोधूनहि ती सांपडली नाहीं. घरीं येऊन त्यानें अंथरूण धरलें व त्यास ताप भरला. अखेर सहकाऱ्यांनीं वर्गणी काढून त्याला दुसरी बंदूक घेऊन दिली, तेव्हां तो वांचला. मात्र पुढें त्या प्रसंगाची आठवण निघाली कीं त्याचा चेहरा प्रेतासारखा पांढरा पडे. मंडळी खूप हंसली. गोगोल तेवढा हंसला नाहीं. तो मान खालीं घालून विचार करीत राहिला.

अ‍ॅनेन्कोव्हच्या या आठवणी १८५७ मध्यें प्रसिद्ध झाल्या, आणि इतक्या वर्षांनीं सांगितलेल्या गोष्टींत थोडा रंग भरला जातोच. तथापि कथेशीं ताडून पाहतां ही हकीकत खोटी मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आपल्या आदिकवीच्या वाणीलाहि पारध्याच्या बाणानेंच वाट करून दिली. फरक इतकाच, कीं तेथें शोक मेलेल्या पक्ष्याचा होता आणि येथें तो पक्षी मारूं न शकलेल्या पारध्याचा आहे !

आतां गोगोलनें काय बदललें तें पाहूं. बंदुकीच्या जागीं त्यानें ओव्हरकोट आणला. बंदूक ही हौसेची वस्तु. ती गेली तर माणसाची कींव येते, पण ओठांवर हंसूंहि येतें. पीटर्सबर्गच्या थंडींत कोट ही हौस नव्हे. आणि ही थंडी गोगोलला पुस्तकांतून ठाऊक झालेली नव्हती. विशीच्या उंबरठ्यावर तो स्वतः त्या शहरांत तुटपुंज्या पगाराची कारकुनी करीत होता, आणि सबंध हिंवाळा आपण उन्हाळी कोटावरच काढल्याचें त्यानें एप्रिल १८३० मध्यें आईला कळविलें होतें. दुसऱ्याची बंदूक त्याच्या स्वतःच्या त्या हिंवाळ्यांत येऊन पडली, तेव्हां कथा जन्मली असें आम्ही समजतों. नुसती बंदुकीची हकीकत बैठकींतला चुटका राहिली असती, आणि नुसता हिंवाळा आईच्या पत्रांतली एक ओळ !

कथेंतील अकाकी अकाकियेविच हा नकला करणारा कारकून. वर्षाचा पगार ४०० रूबल. पेत्रोविच शिंपी नव्या कोटाचे १५० सांगतो आणि ८० वर येतो. मग अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाहीं, आणि तळवे झिजूं नयेत म्हणून रस्त्यानें चवड्यांवर चालतो. मूळ हकीकतींत ही काटकसर एका वाक्यांत उरकलेली आहे. गोगोल तिच्यापाशीं मुक्काम करतो. वाचक तिला हंसतो आणि हंसतां हंसतां त्या कोटाची वाट पाहूं लागतो.

परंतु सर्वांत मोठा बदल पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. मूळ हकीकतींत वर्गणी जमते. कथेंत ती जमत नाहीं. कोट पहिल्याच रात्रीं चोरीस जातो. कचेरींत वर्गणीची गोष्ट निघतेहि. पण डायरेक्टरसाहेबांच्या तसबिरीसाठीं आणि मुख्य कारकुनाच्या मित्राच्या एका पुस्तकासाठीं मंडळींनीं आधींच पैसे मोजलेले असतात, म्हणून हातीं पडते ती अगदींच चिरीमिरी. येथें कोणी विचारील, कीं खऱ्या जगांत घडलेला चांगुलपणा लेखकानें खोडून टाकावा, हा त्या बिचाऱ्या कारकुनांवर अन्याय नव्हे काय ? आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटत नाहीं. त्यांनीं पदरचे पैसे घालून एक माणूस वांचविला, आणि साहित्यांत मात्र त्यांच्या जागीं कद्रू माणसें कायमचीं बसलीं. तरीहि आमचा कौल गोगोलकडे आहे, कारण त्यानें त्यांना दुष्ट केलेलें नाहीं. साहेबांच्या तसबिरीला वर्गणी देणें कोणत्या कचेरींत टळलें आहे ?

शिवाय या एका बदलावर कथेचा शेवट उभा आहे. मेल्यानंतर अकाकीचें भूत लोकांचे कोट हिसकावूं लागतें, तो भाग कित्येक वाचकांना मागाहून चिकटविल्यासारखा वाटतो. आम्हांसहि पूर्वी तसेंच वाटे. पण १८३९ मध्यें मारीएनबाड येथें गोगोलनें मित्र पोगोदिन याला जो पहिला खर्डा सांगून लिहविला, त्याचें नांवच मुळीं ‘ओव्हरकोट चोरणाऱ्या कारकुनाची गोष्ट’ असें होतें. म्हणजे तें भूत आरंभापासूनच तेथें होतें. ज्याला सहकाऱ्यांनीं दुसरी बंदूक आणून दिली, त्याला भूत होण्याचें कारण पडलें नाहीं. अकाकीला कोणीं कांहीं दिलें नाहीं, तेव्हां त्याला स्वतःच परत यावें लागलें. आणि ज्या बड्या प्रस्थानें त्याला दरडावून घालवून दिलें होतें, त्याच्याच अंगावरचा कोट हातीं लागल्यावर तो पुन्हां दिसला नाहीं.