घरी राहणारी आई : वाङ्मयाचा न्याय आणि लोकांचा न्याय

आईविषयी मराठीत जितके गहिवरून लिहिले गेले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयावर लिहिले गेले असेल. आणि तरीही याच भाषेत, एखाद्या गृहिणीची ओळख करून देताना ‘ह्या काय करतात?’ या प्रश्नास ‘काही नाही, घरीच असतात’ असे उत्तर अगदी सहज दिले जाते. पुष्कळदा ते उत्तर ती स्त्री स्वतःच देते. सकाळी मातृमहिम्याचे स्तोत्र आणि दुपारी ‘दिवसभर घरी बसून करतेस काय?’ ही विचारणा, या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखेनैव नांदतात. शिकलेल्या सुनेने मुले लहान आहेत म्हणून घरी राहण्याचे ठरविले, तर तिने शिक्षण फुकट घालविले म्हणतात. तिने नोकरी धरली, तर मुलांची हेळसांड झाली म्हणतात. निकाल देणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायकांचा आवाज मोठा असतो, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

आमच्या मते स्तुती आणि निंदा या दोहोंचे मूळ एकच आहे. घरी राहणे हा आईचा स्वभावच आहे, तिने विचारपूर्वक केलेली ती निवड असू शकते हे आपल्या ध्यानातच येत नाही. स्वभावाची पूजा करता येते किंवा थट्टा करता येते. त्याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. ही समजूत घट्ट होण्यास आपले वाङ्मय, रंगभूमी आणि बोलपट कितपत कारणीभूत झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे. नंतर आम्ही ही कसोटी मध्यप्रदेशातील पांढुर्णा-सौंसर या मराठी मुलखाकडे नेणार आहोत. कारण पुण्यामुंबईच्या लेखकांना न दिसलेली एक बाजू तेथे उघड्यावर दिसते.

आरंभ अर्थातच ‘श्यामची आई’पासून करावयास हवा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या बोलपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. घराघरांत या पुस्तकाचा पाठ झाला आहे, पण आमच्या समजुतीने त्यातील एक प्रकरण वाचूनही न वाचल्यासारखे राहिले आहे. ते म्हणजे ‘अळणी भाजी’. भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले आहे. श्यामचे वडील पहिल्या घासालाच ते जाणतात. परंतु बोलत नाहीत, उलट भाजी वाखाणून खातात. मुलेही त्यांचे पाहून गप्प राहतात. मागाहून आई जेवावयास बसते तेव्हा तिला प्रकार कळतो आणि ती हळहळते. या लहानशा प्रसंगात आईची थोरवी आहेच. पण खरा धडा पानावर बसलेल्या पुरुषाला दिलेला आहे. चुलीपुढे राबलेल्या हातांचे मोल त्याने व्याख्यान देऊन केले नाही, मुकाट्याने जेवून केले. पुढच्या पिढ्यांनी या पुस्तकातून आईची पूजा तेवढी उचलली. वडिलांचे ते गप्प राहणे मात्र पानातच सोडून दिले.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही कथा मुलगा सांगतो आहे आणि आई हयात नाही. मृत आईची आठवण सांगणारा मुलगा तिला देवत्वाच्या पायरीखाली आणू शकत नाही, आणि आणू नयेच. त्यामुळे यशोदेने काय सोसले ते आपणांस पानोपानी कळते. तिला काय हवे होते, तिने कोणत्या दोन गोष्टींतून एक निवडली असती, हे कळत नाही. याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहावी. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात संसार करणारी बाई स्वतः बोलते. पतीच्या विलक्षण स्वभावापायी होणारी घराची ओढाताण ती सांगते, पण रडत नाही. स्वतःची फजिती सांगून हसते, आणि हसता हसता हिशेब चुकता करते. या बाईला कोणी देवी म्हणण्याची सोय नाही आणि ‘काही करीत नाही’ म्हणण्याची छातीही कोणाला होणार नाही. घरातील स्त्रीचा न्याय तिच्याच तोंडून झाला म्हणजे किती निराळा होतो, याचे इतके चोख उदाहरण मराठीत दुसरे नाही.

पुढच्या काळात पारडे दुसरीकडे झुकले. शान्ता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारलेला, जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘उंबरठा’ १९८२ साली आला. पती आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून महिलाश्रमाच्या कामासाठी बाहेर पडणारी सुलभा, आणि स्मिता पाटील यांनी तिला दिलेला तो आतून पेटलेला संयम, यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र वारंवार त्या घरात मागे राहिलेल्या जावेकडे जाते. सुलभेच्या मुलीचा लळा तिने लावून घेतला आहे, मुलीचे सारे तीच पाहते. आशालता वाबगावकर यांनी ही भूमिका केली. त्या मूळच्या गोव्याच्या, तेव्हा आमच्या कोंकणी वाचकांना त्यांचे नाव नव्याने सांगावयास नको. या जावेवाचून सुलभेला उंबरठा ओलांडताच आला नसता. चित्रपटाला हे ठाऊक आहे, परंतु तो त्या स्त्रीपाशी थांबत नाही. बाहेर पडणारीचे मन उलगडून दाखविण्यासाठी दिग्दर्शकाने सारी शक्ती वेचली. मागे राहणारीला मन असते एवढेच सुचवून तो पुढे गेला. पुरोगामी म्हणविणाऱ्या आपल्या कलेने घरी राहणाऱ्या स्त्रीवर केलेला अन्याय हा असा आहे. तिची निंदा कोणी केली नाही; तिच्याकडे पाहावयाचेच राहून गेले.

अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’ या नाटकाची कल्पना खरोखर बिनतोड आहे. नोकरदाराला निवृत्ती मिळते, मग आईला का नाही? भक्ती बर्वे यांच्या अभिनयाने ते गाजले. पण त्यातही आईचे काम दिसते ते ती काम थांबविते तेव्हाच. गिरणीतील कामगारासारखा संप केल्याखेरीज गृहिणीच्या श्रमाची गणना होत नाही, हे नाटककाराने विनोदातून सांगितले आणि प्रेक्षकांनी विनोद म्हणूनच घरी नेले.

गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) हा हिंदी बोलपट असला तरी त्यातील घर पुण्याच्या गोडबोल्यांचे आहे, म्हणून तो आपलाच समजावयास हरकत नाही. शशी घर सांभाळते, लाडू करून विकते आणि तिला इंग्रजी येत नाही. शाळेत आई आली की मुलीला लाज वाटते. नवरा तिच्या लाडवांचे कौतुक अशा सुरात करतो की त्यापेक्षा निंदा परवडली. घरातील तुच्छता किती मृदु शब्दांत व्यक्त होते याचे इतके अचूक चित्रण आम्ही क्वचित पाहिले आहे. श्रीदेवींनी ओठ न हलविता अपमान गिळण्याचा जो अभिनय केला आहे, त्यास तोड नाही. परंतु येथेही आमची एक तक्रार आहे. शशीचा मान अखेर कशाने परत येतो? अमेरिकेत ती इंग्रजी शिकते, लग्नसमारंभात त्या भाषेत बोलते. आणि लाडवांचा व्यवसाय तिच्या हाती आधीपासून आहेच. समजा, तिने लाडू विकले नसते आणि इंग्रजीही शिकली नसती. नुसती घर सांभाळून राहिली असती. मग? हा प्रश्न चित्रपटाने टाळला आहे. घरी राहणाऱ्या आईची बाजू घेणाऱ्या कलाकृतीलाही तिला निर्दोष ठरविण्यासाठी बाजारातून साक्षीदार आणावा लागला.

वर आलेली बहुतेक घरे मध्यमवर्गीय आहेत. ज्या घरातील स्त्री उद्या घरी राहिली तर परवाची मजुरी बुडते, ते घर त्यांत नाही. म्हणून आता पांढुर्णा-सौंसरकडे वळू. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठी टापू मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस आणि संत्री ही येथील मुख्य पिके. कापसाची निंदणी आणि वेचणी ही बव्हंशी बायकांची कामे, आणि वेचणीची मजुरी वजनावर. हंगामात एक दिवस घरी राहिले म्हणजे नेमके किती पैसे गेले, हे येथील मायबहिणीला तराजूच्या काट्याइतके स्पष्ट ठाऊक असते.

या मुलखात घरी राहणाऱ्या आईवरचे निकाल शहराच्या उलट दिशेने लागतात. शहरात घरी राहणारी ‘मागासलेली’ ठरते. येथे ती ‘राणी झाली’ म्हणून टोमणा खाते. सासू उन्हात वेचणीला जाते आणि सून लेकराला घेऊन सावलीत बसते, असे बोलले जाते. दुसऱ्या अंगाने, घराला थोडी बरकत आली की पहिली गोष्ट होते ती सुनेचे शेतात जाणे बंद होणे. मग तिचे घरी राहणे हे घराच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनते. हे केवळ येथेच घडते असे नाही. प्रतिष्ठा वाढू पाहणाऱ्या कुटुंबांत बायकांना शेतावरून मागे घेतात, हे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणजे टोमणा खाणारी असो की मिरविली जाणारी असो, दोघींच्याही घरी राहण्याचा अर्थ दुसरेच लावतात. लेकरू आजारी होते, अंगावर पीत होते, किंवा तिला या वर्षी घरी राहावयाचे होते म्हणून ती राहिली, हे कारण कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. या टापूत कचेरी हिंदीत चालते, शाळाही बव्हंशी हिंदी किंवा इंग्रजी. मराठी राहते ती घरात. लेकराच्या तोंडी पहिली मराठी पडते ती आईच्या बोलण्यातून. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने कोंकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, तरी ती भाषा घराघरांतून टिकली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. दोन्ही भाषांचे हे ऋण आम्ही मुद्दाम नोंदवितो. परंतु भाषा टिकावी म्हणून बाईने घरी राहावे, असा उफराटा अर्थ कोणी काढील तर तो आमचा नव्हे. ऋण आहे म्हणून धनकोला डांबून ठेवता येत नाही.

सरकारदरबारी काय स्थिती आहे? जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्यां’त मोडते. २००१ च्या गणनेत अशा सुमारे ३६ कोटी स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीस बसविले गेले, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका निकालपत्रात कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे, असे पुन्हा सांगितले. २०१९ च्या कालवापर पाहणीप्रमाणे घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी २९९ मिनिटे त्यात जातात. असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे आकडे बोलके आहेत. तथापि गृहिणीच्या कामाची किंमत न्यायालयापुढे निघाली ती ती अपघातात गेल्यावर, हेही विसरता येत नाही. मध्यप्रदेश सरकारने २०२३ साली ‘लाडली बहना’ योजना काढून महिना एक हजार रुपयांपासून मदत सुरू केली. पैसा बाईच्या खात्यात जातो, ही गोष्ट चांगलीच आहे. पण योजनेचे नाव पाहावे. कामाचा मोबदला म्हणून नव्हे, भावाची ओवाळणी म्हणून तो दिला जातो.

देवळाशी बांधलेल्या आमच्या वाचकवर्गाला एक गोष्ट विचारावीशी वाटते. घरी कोण राहते, बाहेर कोण जाते, कोणाची मुले कशी निघाली, याचे निकाल कचेरीत लागत नाहीत. ते हळदीकुंकवाला आणि सभामंडपात, कीर्तन सुरू होण्याआधीच्या अर्ध्या घटकेत लागतात. त्याच मंडपात आपण जनाबाईची कथा ऐकतो. जनाबाई दळते आहे आणि विठ्ठल तिच्यासंगे जात्याला हात लावतो. या कथेतील देवाने दळणाऱ्या बाईची थोरवी गायिली नाही आणि तिला दळण सोडावयासही सांगितले नाही. तो खाली बसला आणि खुंटा धरला. आमच्या संतपरंपरेने घरकामाविषयी इतके सरळ काही सांगून ठेवलेले असता, आपण मंडपातून घरी जाऊन पाटावर बसतो आणि ताट वाढण्याची वाट पाहतो.

पांढुर्णा-सौंसरच्या लेखकांकडून म्हणून आमची एक अपेक्षा आहे. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली तेव्हा खानदेशातील कापसाच्या रानात राबणाऱ्या आणि घरही सांभाळणाऱ्या बाईचा आवाज मराठीस प्रथमच इतका स्पष्ट ऐकू आला. तिच्या लेखी शेत आणि घर अशा दोन दुनिया नव्हत्याच. त्यानंतर सातपुड्याच्या पायथ्याकडील या मुलखातून, वेचणीच्या ऐन हंगामात मजुरीवर पाणी सोडून तान्ह्या लेकरापाशी घरी राहिलेल्या, आणि त्याबद्दल कोणाची क्षमा न मागणाऱ्या एखाद्या आईची कथा यावयास हवी होती. तिने हिशेब कसा मांडला, सासूला काय उत्तर दिले, नवऱ्याने ते कसे घेतले, आणि पुढच्या वर्षी ती शेतात गेली की नाही, हे आम्हांस तिच्याच शब्दांत वाचावयाचे आहे. अशी कथा अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही.