कॅमेरा कुठे उभा आहे?

चित्रपट आणि दूरचित्रवाणी माणसाला घडवतात का, या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, यांनी तरुण पिढी बिघडवली. दुसरा म्हणतो, ही निव्वळ करमणूक आहे. माणूस पाहतो आणि विसरतो. दोन्ही पक्षांची नजर कथानकावर आणि बोधावर खिळलेली असते. पण कथा विसरली तरी डोळ्यांना लागलेली सवय सुटत नाही. पडद्याच्या मधोमध कोण असते, कडेला कोण असते, कोणाला जागाच मिळत नाही आणि हे सारे कोणाच्या बाजूला उभे राहून दाखवले जाते, यातून आपले जग ठरते. मराठी पडद्याकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते.

‘प्रभात फिल्म कंपनी’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्याहून मोठी गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरांत घडली. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा झाला आणि तसबिरींतून देव्हाऱ्यापर्यंत पोहोचला. तीनशे वर्षे अभंगांतून ओळखीच्या असलेल्या संताला सिनेमाने डोळे, नाक, हसू दिले. याच चित्रपटात गौरी यांनी साकारलेली तुकोबांची बायको जिजाई आहे. घरात पोरे उपाशी आहेत म्हणून ती विठ्ठलाशी भांडते. दिग्दर्शकांनी तिला कजाग बायको म्हणून हसण्यावारी नेलेले नाही; तिच्या भुकेलाही भक्तीइतकीच जागा दिली. म्हणून चमत्कारांनी भरलेला हा चित्रपट आजही जमिनीवर उभा वाटतो.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मराठी पडद्याचे गाव बदलले. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने १९५९ मध्ये अफाट यश मिळवले आणि तमाशापटांची लाट आली. पाटलाचा वाडा, फड, पाणवठा, जत्रा अशी गावाची एक ठसठशीत प्रतिमा तयार झाली. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने १९७२ मध्ये तिला रंग दिले. शहरात वाढलेल्या कितीतरी मराठी माणसांनी गाव पहिल्यांदा पाहिले ते इथेच. या प्रतिमेची ताकद केवढी होती, हे अभिनेते निळू फुले यांच्याकडे पाहून कळते. राष्ट्र सेवा दलात घडलेला, समाजकार्यात रमणारा हा माणूस, पण पडद्यावरच्या पाटलामुळे गावोगावच्या बायका त्यांना खरोखरच दुष्ट समजत.

या गावाला गावकुसाबाहेरची वस्ती मात्र जवळपास नव्हतीच. मराठी साहित्यात तर त्याच काळात मोठी उलथापालथ चालली होती. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ ‘पिंजरा’च्याच वर्षी, १९७२ मध्ये आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये. पुस्तकांनी दाखवलेले जग मराठी सिनेमाने कित्येक वर्षे पाहिलेच नाही. अपवाद होते. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या ‘सामना’ने सहकारातल्या सत्तेला हात घातला. मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातला प्रश्न महाराष्ट्राच्या बोलण्यात रुजला. पण कथेतला संघर्ष सत्ताधारी हिंदुराव आणि त्याला प्रश्न विचारणारा मास्तर यांच्यातला राहिला. नाहीसा झालेला मारुती कांबळे मुख्यतः इतरांच्या बोलण्यातून आपल्याला कळतो.

म्हणून नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मराठी सिनेमाच्या इतिहासात महत्त्वाचा. २०१४ साली तो चित्रपटगृहांत आला तेव्हा कॅमेऱ्याने बाजू बदलली. नायक जब्याचे कुटुंब डुक्कर पकडायला धावते आहे आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सारे जागच्या जागी थांबतात, डुक्कर निसटते. आंबेडकर, फुले यांची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर नेले जाते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. पाहणारा प्रेक्षक निर्दोष नाही, हे मराठी पडद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल.

त्याच काळात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने वेगळ्या मार्गाने हेच केले. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला दाखवताना हा चित्रपट सरकारी वकील बाईंच्या घरीही जातो. त्या कुटुंबासह परप्रांतीयांवर तोंडसुख घेणारे एक मराठी नाटक पाहतात. प्रेक्षागृह टाळ्या वाजवते. दिग्दर्शक काही भाष्य करत नाही. दिवसा न्यायालयात उभे राहणारे मन संध्याकाळी कशावर पोसले जाते, एवढेच तो शांतपणे दाखवतो. करमणूक दृष्टी कशी घडवते, यावर मराठीत याहून नेमके विधान मला आठवत नाही.

तरीही चांगला चित्रपट आला म्हणून समाज बदलतो, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आंतरजातीय प्रेमाचा ‘सैराट’ २०१६ साली विक्रमी चालला. ‘झिंगाट’वर महाराष्ट्रातल्या वराती नाचल्या, आणि त्यांतल्या बहुतेक वराती जातीतल्या लग्नांच्याच होत्या. दोन-तीन तासांचा एक अनुभव हादरवू शकतो. सवय मात्र रोजच्या पाहण्यातून लागते. हे रोजचे पाहणे मालिकांच्या हाती आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतकरी आपल्या शेताविषयी बोलताना दिसे. खासगी वाहिन्या आल्यावर संध्याकाळची मुख्य वेळ कौटुंबिक मालिकांकडे गेली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढ्या काळात एक मूल शाळेत जाऊन दहावीपर्यंत पोहोचते. या मालिकांतले घर प्रशस्त असते, पुरुषांचा धंदा अस्पष्ट असतो, जात उच्चारली जात नाही आणि दोन बायकांचे वैर हाच जगाचा मुख्य झगडा असतो. २०१९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील मालिका घराघरांत पोहोचली, ही समाधानाची गोष्ट. पण ती अपवादच ठरली.

या रोजच्या पाहण्याचा परिणाम एकाच दिशेचा असतो, असे मात्र नाही. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी दाखवले की, खूप टीव्ही पाहणाऱ्यांना जग आहे त्याहून अधिक धोक्याचे वाटते. उलट रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी गोव्यासह काही राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये लिहिले की, केबल आल्यावर तिथल्या बायकांना नवऱ्याची मारहाण कमी समर्थनीय वाटू लागली आणि मुलगाच हवा हा हट्टही ओसरला. पडद्यावर वेगळे जगणे दिसले की घरातले जगणे एकमेव वाटेनासे होते. म्हणजे या माध्यमाची ताकद दोन्ही दिशांनी चालते, आणि म्हणूनच ते कोणाच्या हाती आहे आणि काय दाखवते याला महत्त्व आहे.

इथे आपली समीक्षा कमी पडते. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी १९६८ पासून चित्रपट पाहण्याची शिस्त लावली, पण ती मूठभरांपुरती राहिली. वृत्तपत्रांत चित्रपटाला तारे मिळतात, मालिकेच्या वाट्याला फक्त कलाकारांच्या मुलाखती येतात. सर्वाधिक लोक जे रोज पाहतात, त्याची गंभीर चिकित्सा जवळजवळ होत नाही. ती व्हायला हवी. शाळेत कविता शिकवतात तसा चित्रपटातला एखादा प्रसंग शिकवायला हवा. आणि घरी पुढच्या वेळी टीव्ही लावाल तेव्हा मुलांना गोष्ट कळली का, एवढेच विचारू नका. या गोष्टीत कोण नाही, हेही विचारा.