मिरियम मकेबा : गाणे आणि मौन

दक्षिण आफ्रिकेतील एका गायिकेविषयी आपल्या त्रैमासिकात लिहावे, हे काही वाचकांना औचित्य सोडून वाटेल. पण १९८०च्या दशकात ज्यांनी पारपत्र काढले, त्यांना त्यावरील एक शेरा आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासासाठी हे पारपत्र ग्राह्य नाही, असा तो शेरा होता. त्या देशातील वर्णभेदाचे गाऱ्हाणे १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघापुढे प्रथम नेले ते भारतानेच. तेव्हा एका शेऱ्यापुरता का होईना, आपला संबंध होताच. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तशी मकेबाबाईंची ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकली आणि जेम्स हॉल यांच्या साहाय्याने त्यांनी लिहिलेले ‘माय स्टोरी’ हे आत्मचरित्र वाचले. त्यातून जे सुचले ते मांडतो.

बाईंचा जन्म १९३२ सालचा, जोहान्सबर्गजवळचा. त्या अवघ्या अठरा दिवसांच्या असताना आईला घरी गाळलेली बिअर विकल्याबद्दल तुरुंगवास झाला आणि आईबरोबर हे तान्हे मूलही सहा महिने तुरुंगात राहिले. आत्मचरित्रातील हा प्रारंभीचा भाग फार चांगला उतरला आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. झाले ते असे झाले, एवढेच सांगून लेखिका पुढे जाते.

पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांची ओळख पटली ती ‘कोंगकोथ्वाने’ या गीताने. वाटेवर टकटक करणाऱ्या भुंगेऱ्याविषयीचे हे खोसा लोकांचे लग्नातले गाणे. गोऱ्यांना त्याचे नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला ‘क्लिक साँग’ म्हणून टाकले. बाई गात असताना मध्येच कसले आवाज काढतात, असे कोणी विचारले की त्या चिडत. ते आवाज नव्हेत, ती माझी भाषा आहे, असे त्यांचे म्हणणे असे. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. वाईट बातमी ऐकून आपण चुकचुकतो. बैल हाकताना गालाच्या आतून निराळाच ध्वनी काढतो. म्हणजे हे उच्चार आपल्याला साधतात, पण आपण त्यांना वर्णमालेत घेतलेले नाही. खोसा भाषेत त्यांना व्यंजनांचा मान आहे. मौज अशी की ते मूळचे खोसांचेही नव्हेत. खोइ आणि सान या त्या भूमीच्या जुन्या रहिवाशांच्या भाषांतून, शतकानुशतकांच्या शेजारातून आणि सोयरिकीतून ते आले. १९५० साली प्रत्येक माणसाची वंशवार नोंदवही करण्याचा कायदा तिथल्या सरकारने केला. खोसा भाषेत कोणी तोंड उघडले तरी ती नोंदवही खोटी पडत होती, आणि हे तर लग्नाचेच गाणे! बाईंच्या गळ्यात ही व्यंजने तालावर नेमकी पडतात आणि तरीही स्वराची रेघ तुटत नाही. तराणा ऐकण्याचा सराव असलेल्या कानाला ही करामत किती अवघड आहे, ते चटकन कळेल.

त्यापुढे ‘पाता पाता’ मला सामान्य वाटते. नाचाचे गाणे, ठेका छान, आत फारसे काही नाही. १९६७ साली ते अमेरिकेत अफाट गाजले, पण खुद्द बाईंनाही ते किरकोळच वाटे.

मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे मारली. त्याच वर्षी बाईंची आई वारली. अंत्यविधीसाठी परतण्याच्या इच्छेने त्या न्यूयॉर्कमधील आपल्या वकिलातीत गेल्या, तेव्हा पारपत्र रद्द झाल्याचे त्यांना कळले. जुलै १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वर्णभेदविरोधी विशेष समितीपुढे साक्ष दिली, आणि त्यांच्या सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. या समितीचे सचिव एनुगा रेड्डी हे भारतीय होते. अध्यक्ष होते गिनीचे दियालो तेली. हे दुसरे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हॅरी बेलाफॉन्टे यांच्याबरोबरच्या १९६५ सालच्या ध्वनिमुद्रिकेत पंतप्रधान फेरवुर्ड यांना इशारा देणारे एक गीत आहे. ते रचणारे कामगार नेते व्हुयिसिले मिनी यांना आदल्याच वर्षी फाशी झाली होती. बाई ते कसलाही आवेश न आणता म्हणतात. मला ते त्यांच्या उत्तम गायनांपैकी एक वाटते.

प्रेमाच्या बाबतीत पुस्तक मोकळे आहे. पाच विवाह झाले आणि त्यांतला कोणताही लपवलेला नाही. तुतारीवादक ह्यू मासेकेला यांच्याशी १९६६ मध्ये काडीमोड झाला. तरी सोवेटोतील मुलांवर १९७६ साली गोळीबार झाला तेव्हा त्यावरचे ‘सोवेटो ब्लूज’ मासेकेलांनी लिहिले आणि बाईंनी गायिले. संसार मोडला तरी गाण्यातली सोबत टिकली. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांचे जहाल नेते स्टोकली कारमायकल यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि अमेरिकेतील जलसे एकामागून एक रद्द झाले. भाषण केले म्हणून मायदेश गेला होता, आता लग्न केले म्हणून अमेरिका गेली. दांपत्य गिनीत आले. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी घर दिले, पारपत्र दिले, पुढे देशाच्या प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात पाठवले.

इथे मी वाचताना थबकलो. १९५८ साली फ्रान्सला ठाम नकार देऊन स्वातंत्र्य घेणारा हा देश. तिथे राष्ट्रीय वाद्यवृंद होते, सरकारची ध्वनिमुद्रण कंपनी होती, आणि राजधानी कोनाक्रीत कॅम्प ब्वारो नावाचा तुरुंगही होता. ज्यांच्या समितीपुढे बाईंनी साक्ष दिली ते दियालो तेली पुढे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस झाले. मायदेशी परतल्यावर १९७६ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९७७ मध्ये त्याच तुरुंगात अन्नपाणी तोडून त्यांना मारण्यात आले. बाईंचे बिऱ्हाड तेव्हा गिनीतच होते. आत्मचरित्रात मात्र तुरे येतात ते प्रेमळ यजमान म्हणून. त्यांच्या गौरवाची गाणीही बाईंनी गायिली. आवाज तोच आहे, पण फेरवुर्डच्या गीतातली धार तिथे मला ऐकू आली नाही.

यावर झटकन निवाडा देणे मला जमत नाही. आश्रयदात्याचे गुण गाणे हे आपल्यासारख्या संस्थानी गावच्या लोकांना नवे नाही. बडोद्यात तर कलावंत खाते होते आणि त्याचे छापील नियमही होते. शिवाय मी चौतीस वर्षे शासनाचे मीठ खाल्ले आहे. जिथे प्रतिकूल अभिप्राय लिहायला हवा होता, तिथे ‘पाहिले’ असे लिहून सही केल्याचे दोन-तीन प्रसंग आजही मला नेमके आठवतात. मला तर घर आणि देश दोन्ही होते. बाईंना यांपैकी एकही नव्हते, जे होते ते तुरेंनी दिलेले. तरीही वाचक म्हणून माझी तक्रार कायम आहे. तुरे १९८४ मध्ये वारले आणि पुस्तक त्यानंतरचे आहे. तोवर भीतीचे कारण उरले नव्हते. तेलींसाठी त्यात एक पान निघायला हवे होते.

एकुलती मुलगी बोंगी १९८५ मध्ये बाळंतपणात गेली. तिचे दफन कोनाक्रीतच झाले. कृतज्ञतेच्या गाठीला हाही एक पीळ असेल. त्यानंतर बाई बेल्जियमला गेल्या. १९९० मध्ये, तीस वर्षांनी, त्या मायदेशी परतल्या तेव्हा हाती फ्रान्सचे पारपत्र होते.

सप्टेंबर २००८ मध्ये इटलीत नेपल्सजवळ कास्तेल व्होल्तुर्नो या गावी गुन्हेगारी टोळीने सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. या टोळ्यांविरुद्ध लिहिणारे लेखक रोबेर्तो साव्हियानो यांच्या पाठिंब्यासाठी नोव्हेंबरमध्ये त्याच गावी जलसा झाला. शहात्तर वर्षांच्या मकेबाबाई प्रकृती बरी नसतानाही तिथे गायला गेल्या. गाणे आटोपल्यावर त्या कोसळल्या आणि हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या रात्री त्यांनी शेवटी गायिले ते ‘पाता पाता’.