फुकट अल्बम, महागडा हक्क

१ ऑक्टोबर २००७ रोजी रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याने बँडच्या संकेतस्थळावर दोन-चार ओळी टाकल्या. नवा अल्बम पुरा झाला आहे, दहा दिवसांत येतो आहे, नाव ‘इन रेनबोज’. जाहिरात नव्हती, मुलाखती नव्हत्या, रेकॉर्ड कंपनीचा शिक्का नव्हता. खरी गंमत पैसे भरायच्या पानावर होती. तिथे किमतीची चौकट कोरी होती. आकडा श्रोत्यानेच भरायचा होता आणि शून्य भरलं तरी चालणार होतं.

त्या आठवड्यात जगभरच्या वृत्तपत्रांनी रेकॉर्ड कंपन्यांचे मृत्युलेख लिहून टाकले. नंतरच्या काही वर्षांत नाइन इंच नेल्सपासून यू-टूपर्यंत अनेक नामवंतांनी नवे अल्बम फुकट किंवा फुकटाच्या जवळपास वाटले. आज मागे वळून पाहिलं, तर या प्रयोगांमध्ये एक भेद ठळक दिसतो आणि तेव्हा तो फारसा कुणी मांडला नाही. काही कलावंतांनी गाण्याची प्रत फुकट दिली, पण गाण्यावरचा हक्क स्वतःच्या मुठीत ठेवला. काहींनी मात्र प्रत वाटण्याचं कामही दुसऱ्याच्या दुकानाला जोडून दिलं. पहिले टिकले, दुसऱ्यांचं हसं झालं.

रेडिओहेडला हे धाडस परवडलं याचं कारण करारात होतं. ईएमआय या कंपनीशी असलेला त्यांचा सहा अल्बमांचा करार २००३च्या ‘हेल टू द थीफ’ने संपला होता. पुढचा अल्बम त्यांनी निर्माता नायजेल गॉड्रिच याच्याबरोबर स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रित केला, त्यामुळे मूळ मुद्रणाची, म्हणजे मास्टरची, मालकी त्यांच्याकडेच राहिली. फुकट डाउनलोड होतं ते एमपी-थ्रीचं, तेही मध्यम दर्जाचं. त्याच पानावर ४० पौंडांची पेटी विकायला होती: सीडी, रेकॉर्ड, जादा गाण्यांची आणखी एक तबकडी, छापील चित्रं. डिसेंबरमध्ये डाउनलोड बंद झालं आणि वर्षअखेरीस नेहमीची सीडी दुकानांत आली. ज्यांनी गाणी आधीच फुकट घेतली होती त्यांच्या नाकावर टिच्चून ती ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. वर्षभरात डाउनलोड, सीडी आणि पेट्या धरून तीस लाख प्रती विकल्या गेल्याचं बँडच्या प्रकाशकाने सांगितलं. त्यांत एक लाख तर पेट्याच होत्या.

गायक थॉम यॉर्क याने तेव्हा एका मुलाखतीत सांगितलेली गोष्ट अधिक बोलकी आहे. डिजिटल विक्रीतून या एका अल्बमने आधीच्या सर्व अल्बमांच्या एकत्रित डिजिटल मिळकतीपेक्षा जास्त दिलं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामागे श्रोत्यांच्या औदार्याइतकाच जुन्या कराराचाही हात होता, कारण त्या काळच्या करारांत बँडला डिजिटल विक्रीतून जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. जुन्या अल्बमांचे हक्क कंपनीकडे राहिल्याचे परिणामही लगेच दिसले. ईएमआयने २००७च्या डिसेंबरातच जुन्या अल्बमांचा संच बाजारात आणला आणि २००८मध्ये बँडची इच्छा नसताना ‘बेस्ट ऑफ’ काढला. एकच बँड, एकच वर्ष. पण ज्या गाण्यांचा हक्क हाती होता तिथे ते राजे होते आणि ज्यांचा नव्हता तिथे नुसते प्रेक्षक.

ट्रेंट रेझ्नरची कहाणी याहून शिकण्यासारखी आहे. नाइन इंच नेल्स म्हणजे मुळात एकटा रेझ्नरच. २००७मध्ये कंपनीचा करार संपताच त्याने कवी-रॅपर सॉल विल्यम्सच्या अल्बमची निर्मिती केली आणि तो फुकट किंवा पाच डॉलरला असा दुहेरी पर्याय ठेवून प्रसिद्ध केला. दोन महिन्यांनी त्याने आकडे जाहीर केले. १,५४,४४९ जणांनी अल्बम उतरवून घेतला, त्यांतल्या २८,३२२ जणांनी पैसे दिले. पाचांतला एकही नाही. रेझ्नरने निराशा लपवली नाही.

त्यातून त्याने धडा घेतला. मार्च २००८मध्ये त्याने ‘घोस्ट्स वन टू फोर’ हा ३६ वाद्यरचनांचा अल्बम काढला. पहिल्या नऊ रचना फुकट, सगळ्या हव्या असतील तर पाच डॉलर, सीडी दहाला, सजवलेली आवृत्ती ७५ला आणि स्वतःच्या सहीची, फक्त २,५०० प्रतींची आवृत्ती ३०० डॉलरला. ही शेवटची आवृत्ती हातोहात संपली आणि पहिल्या आठवड्यात एकूण १६ लाख डॉलर जमा झाले. अल्बमचा परवाना असा होता की अव्यावसायिक वापरासाठी कुणीही त्याची प्रत काढावी, वाटावी, बदलावी. तरीही त्या वर्षी अमेझॉनवर सर्वाधिक विकला गेलेला एमपी-थ्री अल्बम हाच ठरला. म्हणजे फुकट उपलब्ध असलेली वस्तूही लोक विकत घेतात. फक्त घेण्यासारखं काही त्यांच्यासमोर ठेवावं लागतं.

अकरा वर्षांनी या अल्बमला अनपेक्षित फळ आलं. त्यातल्या एका रचनेतला बॅन्जोचा तुकडा एका तरुणाने विकलेल्या ठेक्यात शिरला आणि त्या ठेक्यावर रॅपर लिल नॅस एक्सने ‘ओल्ड टाउन रोड’ बांधलं. २०१९मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग १९ आठवडे अव्वल होतं. परवाना अव्यावसायिक वापरापुरताच असल्याने व्यावसायिक गाण्याला हक्कदारांची परवानगी लागली आणि रेझ्नर व त्याचा सहकारी अॅटिकस रॉस यांची नावं सहलेखक व सहनिर्माते म्हणून नोंदली गेली. रचना फुकट वाटली, पण हक्क सोडला नाही, म्हणून हे शक्य झालं.

तरीही रेझ्नरला मुक्तिदाता ठरवायची घाई करू नये. २०१३चा ‘हेझिटेशन मार्क्स’ त्याने पुन्हा एका बड्या रेकॉर्ड कंपनीकडूनच आणला. स्वतःच्या यादीतल्या चाहत्यांपलीकडे पोचायचं तर एकट्याचं बळ पुरत नाही, हे त्याने मान्य केलं. त्याच सुमारास तो बीट्स म्युझिक या स्ट्रीमिंग सेवेचा सर्जनशील प्रमुख झाला, पुढे अॅपलने ती विकत घेतली आणि २०१५मध्ये अॅपल म्युझिक आलं. कंपनीविरुद्धचं बंड सात-आठ वर्षांत स्ट्रीमिंग मंचाच्या कचेरीत जाऊन बसलं.

गायक प्रिन्सचा हिशेब अगदी रोकडा होता. जुलै २००७मध्ये त्याने ‘प्लॅनेट अर्थ’ हा नवा अल्बम लंडनच्या ‘मेल ऑन संडे’ या वृत्तपत्राच्या अंकाबरोबर वाटला. जवळपास तीस लाख सीडी घराघरांत गेल्या. संतापलेल्या सोनी बीएमजीने ब्रिटनमधली दुकानी विक्रीच रद्द केली. प्रिन्सला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वृत्तपत्राने त्याला पैसे दिले होते आणि पुढच्याच महिन्यापासून लंडनच्या ओ-टू सभागृहात त्याचे २१ कार्यक्रम होते. सीडी ही तिकिटांची जाहिरात झाली होती. मात्र कला म्हणून पाहिलं तर हा प्रिन्सच्या मधल्या फळीतला अल्बम आहे. तो वाटल्याची बातमी लोकांना आठवते, त्यातलं गाणं क्वचितच कुणाला आठवतं.

यू-टूने ९ सप्टेंबर २०१४ रोजी केलं ते याच्याही पलीकडचं. अॅपलच्या नव्या आयफोनच्या समारंभात ‘साँग्स ऑफ इनोसन्स’ जाहीर झाला आणि पन्नास कोटी आयट्यून्स खात्यांमध्ये तो न मागता येऊन बसला. अॅपलने बँडला पैसे मोजले होते, म्हणजे अल्बम फुकट नव्हताच. फक्त ग्राहक श्रोता नव्हता. लोक इतके चिडले की अल्बम काढून टाकण्यासाठी अॅपलला वेगळं पान तयार करावं लागलं आणि पुढच्या महिन्यात बँडचा गायक बोनो याने माफी मागितली. रेडिओहेडने श्रोत्याला किंमत ठरवायला सांगितली होती. यू-टूने श्रोत्याला विचारलंच नाही. त्या गोंगाटात अल्बमचं मूल्यमापन वाहून गेलं, हे बँडचं अधिक मोठं नुकसान. डब्लिनमधल्या बालपणाकडे पाहणारी त्यातली दोन-तीन गाणी खरोखर मनापासूनची आहेत.

या सगळ्यांवरचा रास्त आक्षेप असा की हे खेळ नावाजलेल्यांचेच. ‘सॉनिक यूथ’ या बँडच्या किम गॉर्डनने रेडिओहेडबद्दल तसं स्पष्ट म्हटलं होतं: असं फुकट दिलं की ज्यांना ते परवडत नाही, ते उगाच वाईट दिसतात. रेडिओहेडची कीर्ती ईएमआयच्या पैशावर दहा-बारा वर्षं उभी राहिली होती. नव्या मुलांकडे ना ती कीर्ती, ना ४० पौंडांची पेटी घेणारे एक लाख चाहते. रेडिओहेडनेही हा प्रयोग पुन्हा केला नाही. २०११च्या ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ला ठरलेली किंमत होती.

दरम्यान फुकटाची जागा स्ट्रीमिंगने घेतली. २०१४च्या सुमारास तळाला गेलेला ध्वनिमुद्रित संगीताचा जागतिक धंदा २०२४मध्ये २९.६ अब्ज डॉलरवर पोचला आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक पैसा स्ट्रीमिंगचा आहे. ज्यांचे मृत्युलेख लिहिले गेले त्या कंपन्या धष्टपुष्ट आहेत, कारण जुन्या गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे आहेत. यॉर्कने २०१३मध्ये स्पॉटिफायवरून आपली काही गाणी काढून घेतली ती नव्या कलावंतांना काहीच मिळत नाही या तक्रारीवरून. २०२४पासून तर वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच देत नाही.

याचा परिणाम अल्बम या कलाप्रकारावर झाला आहे. ‘इन रेनबोज’मध्ये दहा गाणी आहेत आणि त्यांचा क्रम हलवला तर काहीतरी मोडतं. ‘न्यूड’ हे गाणं बँड कित्येक वर्षं मैफलींत वाजवत होता. त्याला योग्य रूप सापडलं ते या क्रमात. बिलबोर्डने २०१४च्या अखेरीपासून स्ट्रीमही अल्बमच्या हिशेबात धरले आणि जास्त गाणी म्हणजे जास्त मोजणी हे गणित सगळ्यांना कळलं. रॅपर ड्रेकच्या २०१८च्या ‘स्कॉर्पियन’मध्ये २५ गाणी आहेत, निम्म्यांना कात्री लावली असती तर तो चांगला अल्बम झाला असता. उलट २०२२मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा जास्त रेकॉर्डी विकल्या गेल्या, १९८७नंतर प्रथमच. अल्बम सलग ऐकणारा श्रोता संपलेला नाही; तो संख्येने लहान, पण खिशात हात घालणारा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. इथे गाणं प्रामुख्याने सिनेमाचं, आणि १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सिनेमातल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकाराने एकरकमी मानधन घ्यायचं आणि विसरायचं, अशी रीत पडली. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटींनी गाणं गल्लीबोळात पोचवलं, पण लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही लागलं नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने ते बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. आता रॉयल्टीतला वाटा गीतकार किंवा संगीतकाराला करारानेही सोडून देता येत नाही. मराठीत स्वतंत्रपणे गाणी करणारी मुलं यूट्यूबवर गाणं फुकटच टाकतात. त्यांच्यासाठी ते धाडस नाही, प्रवेशाची अट आहे. म्हणून करारावर सही करण्याआधी मास्टर कुणाच्या नावावर राहणार, हे त्यांनी वाचलं पाहिजे.

अल्बम फुकट दिल्याने संगीताचा धंदा मुक्त झाला नाही, त्याची फक्त दुकानं बदलली. त्या सगळ्या प्रयोगांतून टिकून राहिली ती दोन कामं, ‘इन रेनबोज’ आणि ‘घोस्ट्स’. दोन्ही ऐकण्यासारखी होती आणि दोन्हींचा हक्क करणाऱ्याकडे होता. श्रोत्याने आवडत्या गायकाचं गाणं स्ट्रीमिंगवर खुशाल ऐकावं. पण वर्षातून एखादा अल्बम थेट त्याच्याकडून विकत घ्यावा.