शिकायलाही तीच, भाकरीलाही तीच

उर्मिला पवारांचं 'आयदान' 2003 साली आलं. त्यावर पुष्कळ लिहून झालं. जात झाली, स्त्रीवाद झाला, कोकणातली बोली झाली. पण लग्न, नोकरी, पोरं एवढं पदरात असताना ही बाई परत कॉलेजात जाते, मराठीत एम.ए. करते, त्या पानांपाशी आमचे समीक्षक एकच शब्द काढतात : जिद्द. सत्काराची शाल अंगावर टाकली की समीक्षा खलास!

मला हा शब्द खटकतो. पुस्तकात नवऱ्याची भूमिका स्वच्छ आहे. घरातलं रांधणं, पोरं, सगळं उरकून मग काय शिकायचं ते शिकावं. म्हणजे बंदी नाही, फक्त वेळ द्यायचा नाही. आपल्याच घरातली गोष्ट ही, कुणा भटाच्या वाड्यातली नव्हे. लेखिका ती आरडाओरडा न करता सांगते, म्हणून जास्त बोचते.

तुटलेलं शिक्षण म्हटलं की आपण बाबासाहेबांचा दाखला देतो, आणि तो द्यावाच. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडन सुटलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांचं कर्ज, आणि 1920 ला, एकोणतिसाव्या वर्षी, पुन्हा लंडन. 1923 ला डी.एस्सी. हे आपल्याला तोंडपाठ. पण तेवढा काळ परळच्या चाळीतला संसार रेटला रमाईनं. तिला आपण दिला दुसरा शब्द : त्याग.

नवऱ्याला जिद्द, बायकोला त्याग, अशी ही वाटणी. 'आयदान'मध्ये ती कोलमडते. कारण शिकणारी बाईच आहे. मग त्याग करायला घरात उरलं कोण?

1946 ला सिद्धार्थ कॉलेज निघालं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग. कामगाराचं घड्याळ बाबासाहेबांनी नीट ओळखलं होतं. पण सकाळ बाईच्या वाट्याला मोकळी येते कुठं? पाणी, स्टो, डबे!

म्हणून 'आयदान'मधली ती पानं मला महत्त्वाची वाटतात, आणि खरं सांगू, अजून हवी होती. फी कुणाच्या पगारातून गेली, पुस्तकं कुठल्या फळीवर ठेवली, परीक्षेच्या दिवशी डाळ कुणी शिजवली, असलं बारीकसारीक सगळं.