ठशाच्या पलीकडे: मेटल क्ले आणि शिल्पाचा दागिना

चांदीची अतिसूक्ष्म पूड, पाणी आणि सेंद्रिय चिकटद्रव्य यांचा गोळा हाताने घडवायचा, वाळवायचा, भाजायचा. चिकटद्रव्य जळून जाते, कण न वितळता एकमेकांत सांधले जातात आणि उरते ती शुद्ध चांदी. जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सच्या मासाकी मोरिकावा यांनी १९९०च्या सुमारास ही मेटल क्ले तयार केली. अमेरिकेत टिम मॅक्राइट यांनी तिचा प्रसार केला, तर २००८ मध्ये बिल स्ट्रूव्ह यांची कांस्याची क्ले आली. एवढ्या वर्षांत ही कला कुठवर पोचली?

प्रसार उदंड झाला. आकाराचा विचार मात्र मागे राहिला. क्लेवर कशाचाही ठसा हुबेहूब उमटतो, आणि हेच सुख तिला भोवले. पानाचा, लेसचा, रबरी शिक्क्याचा छाप उठवलेली सपाट पदके ढिगाने तयार झाली. पृष्ठभाग देखणा, पण बाजूने पाहावे तर आकारच नाही.

या माध्यमाचे खरे बळ पोकळ आकारात आहे. ठोकून किंवा ओतून पोकळ दागिना करायचा तर पत्रा, साचा, डाग असे सारे व्याप येतात. इथे वाळलेली क्ले खडूसारखी कानसता येते. दोन वाट्या कडेला कडा घासून, ओल्या क्लेच्या लगद्याने जोडायच्या, आणि भाजताना आतला वायू निघून जावा म्हणून एक भोक ठेवायचे. बार्बरा बेकर सायमन यांचे पोकळ मणी आणि गॉर्डन उएहारा यांची शिल्पवत कामे पाहिली, की आकार आतून फुलवणे म्हणजे काय ते कळते. हदार जेकबसन यांनी तर हलत्या सांध्यांपर्यंत मजल मारली.

पण आकाराची किंमत मोजावी लागते. चांदीची क्ले भाजल्यावर, प्रकारानुसार, लांबीत साधारण १० टक्के आकसते. म्हणजे घनफळ सुमारे २७ टक्क्यांनी घटते. आधार नीट दिला नाही, तर भिंती बसू शकतात. भाजलेली शुद्ध चांदी मऊ आणि किंचित सच्छिद्रही असते. म्हणून अंगठीची बारीक कडी किंवा पिनेचा काटा तिच्यातून घडवणे धोक्याचे. तिथे कमावलेली तार वापरण्यात कमीपणा नाही. आकसणे आणि मऊपणा यांचा हिशेब आराखड्यातच मांडतो, तो कारागीर. भट्टीनंतर डागडुजी करत बसतो, तो अजून शिकाऊ.

म्हणून परीक्षकांनी आणि शिक्षकांनी दागिना उलटा करून पाहावा. मागची बाजू, सांधा, कड, अंगावर बसण्याची रीत यांनाच गुण द्यावेत. शिकवणीची सुरुवातही ठशाने नव्हे, साध्या पोकळ गोळ्याने व्हावी. मेटल क्लेने धातूकाम सोपे केले, हे तिचे मोठे देणे. आता तिच्याकडून सोपे काम स्वीकारणे आपण थांबवले पाहिजे.